नोंदवहीबाहेरचे रुग्ण

प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या त्यात जपून ठेवलेल्या असतात. कुणाला पासपोर्टसाठी दाखला हवा असतो, कुणाचे लग्न ठरलेले असते, तर कुणाला आपल्या पणजोबांचे नाव शोधायचे असते. अशा वेळी ती जाडजूड वही खाली उतरते आणि पिवळ्या पडलेल्या पानांवरून बोट फिरू लागते. नाव सापडले की समोर बसलेल्या माणसाच्या मुद्रेवर एक वेगळेच समाधान उमटते. नाव सापडले नाही, तर तो क्षणभर असा गोंधळतो, जणू आपले घराणे या भूमीवर कधी नांदलेच नाही! नोंद असणे म्हणजे असणे, आणि नोंद नसणे म्हणजे नसणे, हा धडा धर्मगुरूला त्या कपाटापाशी उभे राहून फार लवकर मिळतो.

नोंदींची ही परंपरा ख्रिस्तसभेत जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. पुढे १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची आणि धर्मग्रामातील कुटुंबांची नोंदवही यांची भर घातली. हेतू संस्कारांच्या पावित्र्याचा होता, शास्त्राचा नव्हता. परंतु अशाच नोंदींतून पुढे एक शास्त्र जन्माला आले. १६६२ साली लंडनमधील जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने तेथील धर्मग्रामांच्या मृत्युपत्रकांचा अभ्यास करून एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. किती मुले बालपणीच दगावतात, कोणत्या रोगाने किती माणसे जातात, याचा हिशेब त्याने मांडला. आज ज्याला आपण सांख्यिकी म्हणतो, तिचा पाया त्या पुस्तकाने घातला असे मानले जाते.

तथापि त्या हिशेबात एक उणीव होती. ती पत्रके इंग्लंडच्या प्रस्थापित अँग्लिकन चर्चच्या धर्मग्रामांची होती. त्या चर्चबाहेरच्या लोकांचे जन्म-मृत्यू पुष्कळदा त्यांत येतच नसत. त्या काळी लपून-छपून मिस्सा ऐकणाऱ्या कॅथलिकांची मुलेही अशा न मोजलेल्यांत होती. म्हणजे ज्या दिवशी माणसांची मोजदाद करणारे शास्त्र जन्मले, त्याच दिवशी ‘या मोजणीत कोण आले आणि कोण राहिले?’ हा प्रश्नही जन्मला. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात या प्रश्नाने गेल्या दीड-दोनशे वर्षांत कोणती वळणे घेतली, त्याचा हा मागोवा. कथा मुख्यत्वे अमेरिकेची आहे, कारण शस्त्रक्रियेच्या नोंदवह्या सर्वांत कसोशीने तेथे लिहिल्या गेल्या आणि त्यांतील रिकाम्या जागांची कबुलीही तेथील विद्वानांनीच दिली.

काय केले नव्हे, काय झाले

क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची हातात दिवा घेतलेली मूर्ती आपल्या परिचयाची आहे. परंतु तिच्या दुसऱ्या हातात लेखणी होती, हे आपण विसरतो. लंडनमध्ये १८६० साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तिची योजना मांडली गेली. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असे तिचे म्हणणे होते. १८६३ साली आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत तिने शस्त्रक्रियांच्या नोंदींसाठीही नमुना सुचविला. शस्त्रक्रिया कोणती झाली, एवढेच लिहून भागत नाही. रुग्ण कोण होता, त्याचे वय काय आणि शेवटी त्याचे झाले काय, हे लिहिले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. रुग्णालये एवढी दगदग करावयास तयार नव्हती; योजना मागे पडली.

अर्ध्या शतकानंतर हाच आग्रह अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने धरला. प्रत्येक रुग्णाच्या नावे एक कार्ड ठेवावे, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्याची विचारपूस करावी आणि गुण आला नसेल तर का आला नाही याचे कारण न लपविता लिहावे, ही त्याची साधी कल्पना. त्याच्या मोठ्या रुग्णालयातील वरिष्ठांना ती मानवेना. १९१४ साली त्याने तेथील पदाचा राजीनामा दिला. १९११ पासून तो स्वतःचे एक छोटे रुग्णालय चालवीत होताच. १९११ ते १९१६ या काळात तेथून बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापून प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या हातून झालेल्या १२३ चुकाही नमूद केल्या. पापनिवेदनाच्या कक्षात माणूस गुडघे टेकून जे सांगतो, ते या माणसाने चव्हाट्यावर सांगितले! व्यवसायबंधूंनी त्याला दूर सारले. पण १९२० साली हाडांच्या कर्करोगाची नोंदणी सुरू करून त्याने पुढच्या पिढ्यांसाठी वाट आखून ठेवली.

या चळवळीशी आपल्या ख्रिस्तसभेचाही निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील सर्जनांचे महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले आणि १९१८ साली त्याने रुग्णालयांची पाहणी केली. शंभरावर खाटा असलेल्या ६९२ रुग्णालयांपैकी केवळ ८९ रुग्णालये किमान कसोटीला उतरली. निकाल इतका लाजिरवाणा होता की, १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत ती यादीच जाळून टाकण्यात आली. अशा वातावरणात या कसोटीचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत येशूसंघाचे एक धर्मगुरू होते, फादर चार्ल्स मुलिनिए. १९१५ साली स्थापन झालेल्या कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. धर्मभगिनींच्या रुग्णालयांनी केवळ प्रेमळ असून भागणार नाही, ती हिशेबालाही चोख असली पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष होता.

धर्मभगिनींचे नाव निघाले म्हणून मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर गावाचीही आठवण करावयास हवी. २१ ऑगस्ट १८८३ रोजी एका भीषण वादळाने ते गाव उद्ध्वस्त केले. जखमींची शुश्रूषा करताना फ्रान्सिस्कन मठाच्या मदर आल्फ्रेड मोस यांच्या मनात रुग्णालयाची कल्पना आली. ३० सप्टेंबर १८८९ रोजी २७ खाटांचे सेंट मेरीज रुग्णालय उघडले आणि मेयो पितापुत्रांनी तेथे शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेथील सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी यांनी १८९० ते १९१५ अशी पंचवीस वर्षे विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेच्या मेजापाशी साहाय्य केले. रुग्णाला तयार करताना बेंबीपाशी लागणारी एक विशिष्ट गाठ पोटातील पसरलेल्या कर्करोगाची खूण असते, हे त्यांच्या बोटांनी हेरले. आज ती गाठ वैद्यकीय ग्रंथांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. येथेच १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक व त्याच्या सर्व कागदपत्रांना एकच पाकीट, ही पद्धत सुरू केली. आपण दवाखान्यात सांभाळून नेतो, त्या केसपेपरच्या फाइलीचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

या नोंदींच्या आधारे १९६६ सालापासून त्या परिसरातील लोकांच्या आरोग्याचा एक प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. कोणत्या रोगाचे प्रमाण किती, कोणत्या उपचाराने काय साधते, याची कितीतरी उत्तरे जगाला त्यातून मिळाली. पण विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात त्या परगण्यातील जवळजवळ सारी प्रजा युरोपीय वंशाची, श्वेतवर्णीय होती. नोंद चोख होती, प्रामाणिक होती. पण ती एका परगण्याची होती, आणि तिच्यातील निष्कर्ष मात्र साऱ्या मानवजातीचे समजले गेले.

मालमत्तेच्या यादीतील नावे

अमेरिकेच्या नोंदवह्यांत कृष्णवर्णीयांची नावे मुळीच नव्हती, असे मात्र नाही. नावे होती, पण कोणत्या वहीत? १७८७ सालच्या संविधानात प्रतिनिधित्वाच्या मोजणीसाठी एक गुलाम म्हणजे माणसाचा तीन-पंचमांश भाग धरला होता. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले. त्यांची संख्या २७२ म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. त्यांत तान्ही मुलेही होती, आणि त्यांतील अनेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्या विक्रीतून जॉर्जटाउन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडले गेले. त्या अभाग्यांची नावे आज आपल्याला कळतात, ती विक्रीच्या कागदपत्रांमुळे! २०१७ साली जॉर्जटाउन विद्यापीठात त्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना करण्यात आली. ख्रिस्तसभेचे चांगले सांगताना हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपला हिशेबही त्या जाळलेल्या यादीसारखा व्हायचा.

शस्त्रक्रियेच्या इतिहासातही असेच एक पान आहे. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या सर्जनने प्रसूतीत इजा झालेल्या गुलाम स्त्रियांवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून एक नवे तंत्र शोधले. त्यांपैकी अनार्का, बेट्सी व लूसी ही तीन नावे आपल्याला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा, भूल न देता, शस्त्रक्रिया झाली. संमती विचारावयाची ती मालकाला! त्या तंत्राने पुढे असंख्य स्त्रियांचे दुःख निवारले, हे खरे. पण प्रयोगासाठी त्या उपयोगी पडल्या आणि सन्मानासाठी मात्र त्यांची आठवण कुणाला झाली नाही. सिम्सचा न्यूयॉर्कमधील पुतळा २०१८ साली हलविण्यात आला, तो या विचारमंथनानंतरच. नोंदवहीत नाव असणे आणि माणूस म्हणून गणना होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तीन स्त्रियांनी आपल्याला शिकविले.

गुलामगिरी संपली, पण मोजणाऱ्याचा चष्मा बदलला नाही. १८९६ साली एका मोठ्या विमा कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन या संख्याशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंचे आकडे मांडून असा निष्कर्ष काढला की, हा वंशच मुळात दुर्बळ असून तो नामशेष होणार. आकडे बहुतेक खरे होते. अर्थ खोटा होता. अटलांटा विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०६ साली त्याला उत्तर दिले. अधिक मृत्यूंचे कारण रक्तात नसून दारिद्र्यात, कोंदट घरांत आणि उपेक्षेत आहे, हे त्यांनी आकड्यांनीच दाखवून दिले. त्याच आकड्यांतून एकाने शाप काढला, दुसऱ्याने कर्तव्य काढले.

दारे उघडली

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या दक्षिण भागात रुग्णालये वर्णानुसार विभागलेली होती. १९४६ सालच्या कायद्याने रुग्णालये बांधण्यास सरकारी पैसा मिळू लागला, पण त्याच कायद्यात ‘वेगळी पण समान’ सोय चालेल, अशी पळवाट होती. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील दंतवैद्य जॉर्ज सिम्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ साली ती पळवाट बंद झाली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला. १ जुलै १९६६ रोजी वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना सुरू झाली. वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला तिचा पैसा मिळणार नाही, अशी अट होती. शतकानुशतके जे उपदेशाने साधले नव्हते, ते या अटीने काही महिन्यांत बव्हंशी साधले.

या संक्रमणकाळातील एका रुग्णालयाची आठवण कॅथलिक वाचकांनी जपावी अशी आहे. अलाबामातील सेल्मा शहरी सेंट एडमंड संघाच्या धर्मगुरूंनी व सेंट जोसेफच्या धर्मभगिनींनी कृष्णवर्णीयांसाठी गुड समॅरिटन रुग्णालय चालविले होते. या भगिनी न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरहून आलेल्या. वर उल्लेखिलेले रोचेस्टर वेगळे. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाच्या वेळी गोळी लागलेला जिमी ली जॅक्सन हा तरुण २६ फेब्रुवारी १९६५ रोजी याच रुग्णालयात मरण पावला. ७ मार्च १९६५ च्या रक्तलांछित रविवारी पुलावर लाठ्या खाल्लेले अनेक जखमी तेथेच आणले गेले. शुभवर्तमानातल्या यरीहोच्या वाटेवर शोमरोनी थांबला होता; सेल्माच्या वाटेवर या भगिनी थांबल्या.

दारे उघडली, तरी अंतर मिटले नाही. १९८५ साली आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी एक सरकारी अहवाल प्रसिद्ध केला. अल्पसंख्याकांत दर वर्षी सुमारे ६०,००० मृत्यू असे होतात, जे श्वेतवर्णीयांइतकेच आरोग्य त्यांना लाभते तर झाले नसते, असे त्या अहवालात म्हटले होते. हेकलरबाई स्वतः कॅथलिक होत्या. ‘सरासरी’ या गुळगुळीत शब्दाखाली जे झाकले गेले होते, ते त्या अहवालाने उघडे केले.

माजी सैनिकांची वही

याच सुमारास शस्त्रक्रियेच्या आधुनिक माहितीकोशाचा जन्म झाला. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे मोठे जाळे आहे. तेथे शस्त्रक्रियेनंतर फार रुग्ण दगावतात, अशी ओरड होऊ लागली. १९८५ च्या डिसेंबरात संसदेने कायदा करून त्या रुग्णालयांना आपले निकाल देशाच्या सरासरीशी ताडून दाखविण्याची सक्ती केली. अडचण अशी की, देशाची सरासरी कुणाला ठाऊकच नव्हती! शिवाय आधीच जर्जर असलेला वृद्ध आणि धडधाकट तरुण यांची तुलना कशी करावयाची? तेव्हा डॉ. शुक्री खुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ४४ रुग्णालयांत अभ्यास आरंभिला. प्रशिक्षित परिचारिका प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती लिहून घेत, तीस दिवसांनी त्याची खबर घेत आणि मग जोखीम हिशेबात धरून निकाल काढला जाई. १९९४ पासून हा उपक्रम शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व सैनिकी रुग्णालयांत लागू झाला. पुढील दशकभरात तेथे मोठ्या शस्त्रक्रियांनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण २७ टक्क्यांनी आणि गुंतागुंतीचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटले, असे सांगितले जाते. कॉडमनचा आत्मा खचित सुखावला असेल.

२००४ साली सर्जनांच्या महाविद्यालयाने हीच पद्धत खाजगी रुग्णालयांसाठी खुली केली. आज लक्षावधी शस्त्रक्रियांच्या नोंदी त्या कोशात आहेत. त्यांवर शेकडो प्रबंध लिहिले जातात, आणि ‘या रुग्णाला या शस्त्रक्रियेत धोका किती’ हे सांगणारी गणकयंत्रेही त्यांतूनच तयार झाली आहेत.

मात्र या वहीत कोण आहे, ते पाहिले पाहिजे. मूळ सैनिकी अभ्यासातील रुग्ण जवळजवळ सारे पुरुष होते. नव्या कोशात सहभागी होणे ऐच्छिक आहे. फी भरावी लागते, नोंदींसाठी स्वतंत्र परिचारिका नेमावी लागते. साहजिकच मोठी, सधन, विद्यापीठांशी संलग्न रुग्णालये त्यात अधिक आहेत, आणि खेड्यातील किंवा गरीब वस्तीतील छोटे रुग्णालय बाहेर राहते. वंशाचा रकाना कितीतरी नोंदींत ‘अज्ञात’ असा भरलेला असतो. रुग्णाची मिळकत किती, शिक्षण किती, घरी त्याला बघणारे कुणी आहे काय, या प्रश्नांना त्या वहीत पूर्वापार जागाच नाही. तिसाव्या दिवशी हिशेब बंद होतो. एकतिसाव्या दिवशी जो जातो, त्याचे जाणे कुणाच्या खात्यावर पडत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही, हे ध्यानात घ्यावे. परिचारिकेने प्रामाणिकपणे लिहिले, संशोधकाने प्रामाणिकपणे बेरीज केली. दोष लिहिणाऱ्या हाताचा नाही; वही कुणाच्या दारी पोहोचलीच नाही, याचा आहे.

न झालेली शस्त्रक्रिया

आता या साऱ्या कथेचे मर्म सांगतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवातीची अवस्था असेल, तर शस्त्रक्रियेने रुग्ण वाचण्याची आशा असते. १९९९ साली डॉ. पीटर बाख व सहकाऱ्यांनी अशा १०,९८४ अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सारे पासष्ट वा त्याहून अधिक वयाचे, सारे मेडिकेअर विम्याचे लाभधारक. त्यांतील श्वेतवर्णीयांपैकी ७६.७ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांवर. पाच वर्षांनी श्वेतवर्णीयांपैकी ३४.१ टक्के हयात होते, कृष्णवर्णीयांपैकी २६.४ टक्के. परंतु ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेवढेच रुग्ण घेतले तर दोन्ही समाजांत जगण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते.

वाचकहो, या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबा. समजा, बाख यांनी कर्करोगाच्या रुग्णांची वही न उघडता केवळ शस्त्रक्रियागृहातील वही उघडली असती, तर त्यांना काय दिसले असते? दोन्ही समाजांना सारखा गुण येतो, भेदभाव कुठेच नाही! कारण अन्याय मेजावर घडलाच नव्हता. तो मेजापर्यंतच्या वाटेवर घडला होता. जो मेजापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद शस्त्रक्रियेच्या वहीत होणार कशी? शस्त्रक्रियेची नोंदवही कितीही चोख असली, तरी न झालेल्या शस्त्रक्रियेसाठी तिच्यात ओळ नसते.

याहून विचारात पाडणारी गोष्ट न्यूयॉर्क राज्याची. तेथे १९९१ साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांबद्दल सर्जनांची गुणपत्रिका प्रसिद्ध होऊ लागली. हेतू स्तुत्य होता. परंतु २००५ साली डॉ. रेचेल वर्नर व सहकाऱ्यांनी दाखविले की, गुणपत्रिका आल्यानंतर श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी रुग्ण यांच्यातील बायपासचे अंतर इतर राज्यांच्या तुलनेत वाढले. ज्याच्याविषयी धोका अधिक वाटतो, त्याला हात लावून आपले गुण कशाला घालवा, असा विचार काही मनांत डोकावला असावा, असा अंदाज संशोधकांनी केला. अर्थात हिशेबामुळेच काही माणसे हिशेबाबाहेर ढकलली गेली. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला परीक्षेलाच बसू न देणारी वृत्ती आपल्याला काही अपरिचित नाही.

हे सारे उजेडात आले तेही नोंदींमुळेच, हे विसरता कामा नये. ज्या विद्येने अंधार केला, त्याच विद्येने दिवाही लावला. १९९३ साली अमेरिकन संसदेने सरकारी खर्चाने होणाऱ्या रुग्णसंशोधनात स्त्रिया व अल्पसंख्याक यांचा समावेश सक्तीचा केला. २००३ साली तेथील वैद्यकीय संस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात विमा व मिळकत सारखी असतानाही उपचारांत वर्णानुसार फरक पडतो, हे स्वच्छ शब्दांत मान्य केले. उपाय वही जाळण्यात नाही; तिची पाने वाढविण्यात आहे.

आपल्या बोटावरचे यंत्र

‘हे सारे अमेरिकेचे, आपल्याला त्याचे काय?’ असे कुणी विचारील. २०२० व २०२१ ची महामारी आठवावी. आपल्या कितीतरी घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे ते चिमुकले यंत्र आले होते. त्यावरील आकडा पाहून आपण रुग्णाला घरी ठेवीत होतो वा रुग्णालयात नेत होतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, यंत्रावरील आकडा ठीक असूनही रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायकरीत्या कमी असण्याचा प्रकार श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा, म्हणजे सुमारे तिप्पट होता. यंत्रातील प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेच्या रंगाचा त्यावर परिणाम होतो. यंत्र पारखून घेताना सावळी बोटे पुरेशी घेतली गेली नाहीत, तर त्याची किंमत सावळ्या माणसांना मोजावी लागते.

तीच गोष्ट जोखमीच्या गणकयंत्रांची. परदेशी रुग्णांच्या नोंदींतून बनलेली ही गणिते आपल्याकडील सर्जनही वापरतात आणि ती आपल्या रुग्णांना लागू पडतात काय, हे आपल्याकडील अनेक डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. हे तपासणे फार मोलाचे आहे, कारण कुपोषित आदिवासी बाई किंवा उशिरा दवाखाना गाठणारा शेतमजूर त्या मूळ वहीत नव्हता. २०१५ साली जागतिक शस्त्रक्रियेविषयीच्या आयोगाने सांगितले की, जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रिया होतात, पण त्यांतील केवळ ६ टक्के जगातील सर्वांत गरीब तिसऱ्या हिश्शाच्या वाट्याला येतात. पाचशे कोटी माणसांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्धच नाही. म्हणजे जगाची खरी नोंदवही बव्हंशी कोरीच आहे.

आपल्या हातात यातले थोडेच आहे. पण जे आहे ते लहान नाही. रुग्णालयात केसपेपर भरताना विचारलेली माहिती खरी व पूर्ण द्यावी. शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले तरी बोलावल्या दिवशी दाखवावयास जावे. कारण न परतलेल्या रुग्णाचे काय झाले, ते डॉक्टरला कधीच कळत नाही. संशोधनासाठी संमती मागितली तर नीट विचारून, समजून मगच द्यावी. भीतीने नाकारू नये आणि भिडेने सही करू नये. शेजारच्या पाड्यावरची म्हातारी गाठ अंगावर काढीत असेल, तर तिला वहीपर्यंत, मेजापर्यंत पोहोचविणारे कुणीतरी आपल्यांतूनच निघावयास हवे. आपल्या धर्मभगिनींच्या दवाखान्यांनी, संस्थांनी व डॉक्टरांनी आपली वही उघडून एवढाच प्रश्न विचारावा: आपल्या दारी कोण आले नाही?

पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन गोष्टी आहेत. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली, ती आपले सैन्यबळ पाहून सुखावण्यासाठी. देवाला ती रुचली नाही. आणि प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळाने आपली मेंढरे मोजली, ती एक कमी भरले तर शोधावयास जाण्यासाठी. नव्व्याण्णव मेंढरे सुखरूप होती. कोणत्याही गुणपत्रिकेत हा निकाल उत्तमच ठरला असता! पण त्याने सरासरी काढली नाही. जे मोजणीत आले नाही, त्याचा विचार त्याने केला आणि काळोखात पाऊल टाकले.

धर्मग्रामाच्या कपाटातील वही बंद करताना मला हल्ली हीच गोष्ट आठवते. लिहिलेल्या नावांसाठी आपण प्रार्थना करतोच. न लिहिलेल्यांना मात्र शोधावे लागते.